बदनापूरची तूर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



जालन्याचं बियाणं म्हटलं की बद्रीनारायण बारवाले आणि त्यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली महिको आठवते. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला, याचा आपल्याला अभिमान आहेच. मी मात्र बोलणार आहे बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राबद्दल.

तुरीला वांझ रोग येतो. झाड हिरवंगार राहतं, झुडपासारखं वाढतं, पण फुलोरा धरत नाही. रोग विषाणूचा आणि तो पसरवणारा कोळी इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीन एकरवाल्यानं फवारायचं कधी नि कशावर? बदनापूरच्या बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ या वाणांच्या नावातच उत्तर आहे. 'एसएमआर' म्हणजे वांझ रोगाला प्रतिकारक. मर रोगालाही ते दाद देत नाहीत. पुढे लवकर येणारा बीडीएन ७११ आला.

हे वाण निवडतात कसे? रोगट झाडाची पानं कोवळ्या रोपांच्या पानांना चक्क स्टेपलरनं टाचतात. कोळी नव्या पानावर जातो. जे रोप तरीही निरोगी राहतं, ते ठेवायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले टेस्टिंगच्या गप्पा मारतो, पण आमचा निकाल संध्याकाळी कळतो. यांना हंगाम लागतो, असे कित्येक हंगाम.

संकरित कपाशीचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. तुरीचे हे सरळ वाण, बी घरचं ठेवता येतं. मधमाश्यांमुळे थोडी सरमिसळ होते म्हणून तीनेक वर्षांनी बदलायचं. एवढ्यावर कुठल्या कंपनीचं दुकान चालणार? म्हणून हे काम सरकारी केंद्रानंच करायचं, आणि त्याला माणसं, पैसा कमी पडता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण शेंगा पोखरणारी अळी अजून हटलेली नाही. तिला पुरून उरेल असा वाण शेतकऱ्याच्या हातात नाही. रानतुरीच्या शेंगांवर दाट लव असते, अळीला ती आवडत नाही. पण तो गुण आपल्या तुरीत आणायचा आणि उताराही राखायचा, हे वर्षानुवर्षांचं काम आहे. तोवर आमटीसाठी हिरवे दाणे सोलताना अळी निघणारच!

मुख्याध्यापकांना एक विनंती. सहल वेरूळला जातेच. एखाद्या डिसेंबरात, शेंगा भरल्या असताना, नववीच्या मुलांना परवानगी काढून बदनापूरलाही न्या. बसचा खर्च आमची बॅच देईल.