शेपटीच्या गोष्टी

लोणी काळभोरच्या कालव्याकडेच्या उसात तोडणी चालू असली की "धामण! धामण!" असा एकच गलका होतो आणि कुणीतरी काठी उचलतं. धामण शेपटी मारते, गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ती नागाचीच मादी... यातलं एकही खरं नाही. ती पूर्ण बिनविषारी आहे. नागाची मादी नागीणच. आणि कुठल्याच सापाला दूध पचत नाही. धामण खाते ती उंदीर, म्हणजे आपल्याच पिकाचे चोर.

जपायला हवं ते घोणसीपासून. तिला अजगराचं पिल्लू समजून हात लावणारे आहेत! अंगावर साखळीसारखे ठिपके आणि कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार, एवढी खूण पुरे.

हे साप जवळून, काचेआडून पाहायचे तर पुण्यातलं कात्रज गाठा. 1980 मध्ये 72 विषारी सापांबरोबर 72 तास राहिलेले नीलिमकुमार खैरे यांनी 1986 मध्ये तिथं सर्पोद्यान उभं केलं. आज ते राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे. एखादा साप निपचित दिसला तर काचेवर टकटक करू नका. कात टाकण्याआधी त्याचे डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही, भूकही मंदावते. अशा वेळी राखणदार त्याला हात लावायचं टाळतात.

शेतात साप दिसलाच तर लांब उभं राहून लक्ष ठेवा, सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. चावलाच तर मांत्रिक नको, आवळपट्टी नको, थेट दवाखाना.