राखणीचा हक्क कुठे संपतो?



पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात राहणाऱ्याला रात्रीची राखण नवी नाही. औद्योगिक वसाहतीत तिन्ही पाळ्या चालतात. घरचा कर्ता माणूस रात्रपाळीला गेलेला, खोलीत बाई आणि पोरं एकटी. खैरापाडा, सरावली, पास्थळ, जिकडे जाल तिकडे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. शेजारी कुठला, कधी आला, कधी जाणार, याचा पत्ता नसतो. दाराशी लावलेली मोटारसायकल, उशाशी ठेवलेला मोबाइल, स्वयंपाकाचा सिलिंडर, एवढीच काय ती कमाई. त्यातलं एक काही गेलं तरी महिन्याचं गणित कोलमडतं. तेव्हा चोराचा राग येणारच. तो राग खरा आहे, आणि तो मान्य करूनच मी आज बोलतो आहे.

कायदासुद्धा घर राखणाऱ्याच्या पाठीशी आहे. अनेकांना वाटतं, चोराला हात लावला की आपल्यावरच केस होते. तसं नाही. जुन्या दंड संहितेत कलम ९६ ते १०६, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४, हा सगळा भाग स्वसंरक्षणाच्या हक्काचा आहे. आपला जीव, दुसऱ्याचा जीव, आपली वस्तू, शेजाऱ्याची वस्तू, हे सगळं राखताना बळ वापरता येतं. सूर्य मावळल्यानंतर आणि उगवण्याआधी कुणी घर फोडत असेल, जबरी चोरी करत असेल, राहत्या घराला आग लावत असेल, तर त्याला अडवताना त्याचा जीव गेला तरी कायदा घरमालकाला गुन्हेगार ठरवत नाही. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही.

हा हक्क कुठे संपतो, तेही याच कायद्यात लिहिलं आहे. चोरी करणारा माल घेऊन निसटला, किंवा माल परत मिळाला, किंवा पोलिसांची मदत पोचली, की हक्क संपला. रात्री घर फोडणारा जोवर घरात आहे तोवर तुमचा हक्क आहे. तो बाहेर पडला, हात वर करून उभा राहिला, खाली बसला, की पुढचा प्रत्येक फटका राखणीचा नसतो. ती शिक्षा असते. आणि शिक्षा देण्याचा अधिकार या देशात न्यायालयाखेरीज कुणालाही नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या त्या रात्रीकडे येतो. १६ एप्रिल २०२०. डहाणू तालुक्यातलं गडचिंचले, कासा पोलीस ठाण्याच्या हद्दीतलं, दादरा-नगर हवेलीच्या सीमेवरचं गाव. टाळेबंदी लागलेली. पोरं पळवणारी टोळी फिरते आहे, किडन्या काढून नेतात, अशा अफवा मोबाइलवरून पाड्यापाड्यावर पोचल्या होत्या. लोक रात्री काठ्या-कोयते घेऊन गस्त घालत होते. त्याच आठवड्यात जवळच्या सारणी गावात एका डॉक्टरच्या गाडीवर हल्ला झाला होता आणि सोडवायला गेलेल्या पोलिसांवरही दगड पडले होते. इशारा मिळालेला होता.

मुंबईहून दोन साधू आणि त्यांचा चालक सुरतेला एका अंत्यविधीसाठी निघाले होते. महामार्ग बंद म्हणून आतल्या रस्त्यानं आले. गडचिंचल्याला वनखात्याच्या चौकीपाशी गाडी अडवली गेली. एक साधू सत्तरीचा, दुसरा पस्तिशीचा, चालक तिशीचा. हे तिघं कुणाच्या घरात शिरले नव्हते, कुणाच्या मुलाला त्यांनी हात लावला नव्हता. गावच्या सरपंच बाई लोकांना समजावत होत्या. पोलीस आले. म्हणजे मघाशी सांगितलेली कायद्याची रेघ तिथे पुरी झाली होती. पोलीस पोचले, संशयित त्यांच्या ताब्यात आले, गावाला धोका उरला नव्हता. तरीही तिघांना पोलिसांच्या डोळ्यांदेखत ठार मारलं गेलं. म्हातारा साधू पोलिसाचा आधार घेत चौकीतून बाहेर येतो, हे चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं. त्या चौकीत आणि चौकीबाहेर पोलिसांनीही आपलं काम केलं नाही, हेही इथे स्पष्ट बोललं पाहिजे. पुढे काही जण निलंबित झाले, अनेकांच्या बदल्या झाल्या.

या घटनेला लगोलग धर्माचा रंग फासायची घाई झाली. त्या गदारोळात एक गोष्ट बाजूला पडली. सुरुवातीला ताब्यात घेतलेल्या ११० जणांत नऊ जण अल्पवयीन होते. त्या नऊ मुलांनी काय केलं, काय नाही, हे ठरवणं बाल न्याय मंडळाचं काम. मला त्याच्या आधीचा प्रश्न छळतो. रात्रीच्या त्या गर्दीत मुलं आली कशी? मोठी माणसं काठी घेऊन निघाली म्हणून ती निघाली. आपण घर राखायला चाललो आहोत, असंच त्यांना सांगितलं गेलं असणार. ‘थांब, घरी जा’ म्हणणारं कुणी नव्हतं.

त्याआधी जवळपास दोन वर्षं, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला हेच घडलं होतं. मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी, पोट भरायला गावोगाव फिरणारे, आठवडी बाजारात पोरं पळवणारे म्हणून धरले गेले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले. अफवा तीच, शब्दही तेच.

आपल्याकडे असं रोज होत नाही. पण त्याची लहान आवृत्ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कारखान्याच्या मागून तांब्याची वायर उचलणारं पोरगं सापडतं. चौदा-पंधरा वर्षांचं, खांद्यावर पोतं, एका पायात चप्पल, दुसरी पळताना गेलेली. त्याला विजेच्या खांबाला बांधतात. ज्याची वायर गेली तो एक थोबाडीत मारतो, आणि मग ज्यांचं काहीच गेलेलं नाही ते पुढे होतात. कुणी पट्टा काढतो, कुणी मोबाइल. पोरगं ‘काका, सोडा’ म्हणत असतं, आणि त्याच्याच वयाची आपली पोरं गोल करून ते बघत असतात.

इंग्रजांच्या काळात अल्पवयीन गुन्हेगाराला फटके मारायची शिक्षा कायद्यातच होती. शाळेत छडी मारतात तशी, हलक्या वेतानं. स्वतंत्र भारतानं १९५५ साली फटक्यांची शिक्षाच रद्द केली. शाळेतली छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद केली. जो वेत सरकारनं आणि मास्तरांनी खाली ठेवला, तो चाळीतल्या चार जणांनी कुणाच्या परवानगीनं उचलला?

‘कायदा फार मऊ आहे’, असं उत्तर मिळतं. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण जीव गेले, आणि जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध आला. लोक चिडले, आणि चिडणं बरोबरच होतं. पण त्या चिडीचा हिशेब बोईसरच्या वायर उचलणाऱ्या पोराकडून चुकता होतो, याला मी न्याय म्हणणार नाही. बड्या घरच्या मुलासाठी वकिलांची फौज आणि भंगार वेचणाऱ्यासाठी विजेचा खांब, हा भेद कायद्यानं केलेला नाही. तो आपण रस्त्यावर करतो.

पालघर शहराला राखणीच्या हक्काची दुसरी बाजूही ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं त्यांना पसंती दिली. दोघींना अटक झाली. जमावानं त्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. काकांनी तर एक ओळही लिहिली नव्हती. त्या दिवशी राखणीचा हक्क होता तो त्या दवाखान्याच्या दारात उभ्या राहणाऱ्याचा, आणि गावातल्या किती जणांनी त्या दाराची राखण केली, हे पालघरकरांनी स्वतःला विचारावं. अटकेचा निर्णय घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या कलम ६६-अ चा आधार घेतला होता ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं.

तेव्हा श्रोतेहो, गस्त जरूर घाला. गल्लीत दिवे लावून घ्या, रात्रपाळीला गेलेल्याच्या दारावर लक्ष ठेवा. मोबाइलवर ‘टोळी आली’ असा निरोप आला, तर पुढे पाठवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. डोळ्यांदेखत चोरी करताना कुणी सापडला, तर त्याला धरून ठेवायचा अधिकार साध्या नागरिकालाही आहे, पण सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावाच लागतो. त्याला बसवा, पाणी द्या आणि ११२ ला फोन करा. मूल असेल तर १०९८ ला करा. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बाल न्याय मंडळापुढेच न्यावं लागतं. आणि तुमच्यातला कुणी हात उगारायला लागला, तर तो हात धरा. तुमची स्वतःची पोरं तिथे उभी असतील, तर त्यांना आधी घरी पाठवा.