छप्पर नसलेलं टिंटर्न

वाय नदी इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरून वाहते. तिच्या वेल्सकडच्या काठावर एक भलंमोठं चर्च उभं आहे. उंच भिंती आहेत, कमानी आहेत; पण वर उघडं आभाळ आणि पायाखाली गवत. हे टिंटर्न ॲबी.

1131 मध्ये सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी इथे मठ वसवला. अंगात न रंगवलेल्या लोकरीचा झगा, म्हणून लोक त्यांना पांढरे साधू म्हणत. वस्तीपासून लांब राहायचं, हा त्यांचा नेम. आज दिसतं ते चर्च नंतरचं. त्याचं बांधकाम 1269 मध्ये सुरू झालं.

मग छप्पर गेलं कुठे? ना वादळात, ना आगीत. राजा आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले. 1536 मध्ये टिंटर्नची पाळी आली आणि छपरावरचं शिसं उतरवून विकलं गेलं. पुढचं काम पावसाने केलं.

दोन-अडीचशे वर्षांनी हीच पडझड लोकांना देखणी वाटू लागली. होड्यांतून प्रवासी येऊ लागले. प्रवासवर्णनकार विल्यम गिल्पिन यांना तर भिंतींची त्रिकोणी टोकं जरा जास्तच नीटनेटकी वाटली. हातोडा बेताने चालवला तर बरं दिसेल, असं त्यांनी चक्क छापून ठेवलं! चित्रकार टर्नरने इथली चित्रं काढली. वर्ड्सवर्थची 1798 ची कविता तर टिंटर्नच्याच नावाने ओळखली जाते. इंग्रजी साहित्य शिकलेल्या आपल्यातल्या अनेकांना ती आठवत असेल. गंमत अशी, की त्या कवितेत मठाचं वर्णनच नाही. नदी आहे, झाडी आहे, आणि पाच वर्षांनी तिथे परतलेला कवी.