भीती, संशय आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा गोषवारा)



संयोजकांनी आम्हास दहशतवादावर बोलावयास सांगितले. आम्ही काही त्यातले जाणकार नव्हे. आम्ही कर्जत-खोपोली लोकलचे पासवाले. कर्जतहून बोरीबंदर सुमारे 100 किलोमीटर. आमचे अर्धे आयुष्य गाडीतच गेले. तेव्हा आपल्या गाडीवर जे गुदरले, तेवढेच सांगतो.

13 मार्च 2003 च्या रात्री कर्जतकडे येणाऱ्या लोकलमध्ये मुलुंड स्थानकात बॉम्बस्फोट झाला. महिलांच्या डब्याची दैना झाली. किमान 10 जीव गेले, कित्येक जायबंदी झाले. नेरळ, भिवपुरी, कर्जत, तिकडे पळसदरीपासून खोपोलीपर्यंत घरोघरी एकच प्रश्न होता : आपलं माणूस कुठल्या गाडीत आहे? मोबाईल तेव्हा थोड्यांकडेच. बायामाणसे फलाटावर उभी. गाडी आली की आधी महिलांच्या डब्याकडे नजर जायची. आपले माणूस उतरले की लोक त्याला हात लावून पाहत. बोलत कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा गाडीत. अशा वेळी वर्तमानपत्रे लिहितात, मुंबईकर घाबरत नाही. खरं सांगू का? घाबरतो हो! पण खाडा पडला तर मजुरी बुडते. ज्याला लोक धैर्य म्हणतात, त्यात पोटाची सक्तीही असते, हे विसरू नये.

त्यानंतर डब्यात संशय शिरला. एके दिवशी तिघा-चौघांनी एका दाढीवाल्या गृहस्थाला घेरले. "बॅग उघड!" तो बिचारा थरथरत होता. तेवढ्यात आमच्यातले एक वयस्कर गिरणी कामगार उठले. म्हणाले, "उघडायच्या तर सगळ्यांच्याच उघडा. माझ्यापासून सुरुवात करा." आणि त्यांनी आपली पिशवी बाकावर रिकामी केली. डबा, पंचा, चष्म्याचे घर. मग एकेकाने आपापली उघडली. त्या गृहस्थाच्या बॅगेत कात्री, टेप आणि कापडाचे तुकडे निघाले. शिंपी होता तो. वर्षानुवर्षे नेरळला चढत होता.

बांधवांनो, एकाच्या नावाने साऱ्या वस्तीला गुन्हेगार ठरविण्याचा हिशेब आपल्या वाडवडिलांनी सोसला आहे. तो आपण दुसऱ्याला लावायचा काय? तथागतांनी कालामांना सांगितले की केवळ ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश फक्त विहारात बसून ऐकायचा नाही, गाडीतही पाळायचा आहे. बेवारस वस्तू दिसली तर तत्काळ पोलिसांना कळवा, ते कर्तव्यच आहे. पण नजर वस्तूवर ठेवा, माणसाच्या नावावर नको.

न्यायाच्या बाबतीतही तेच. मुलुंडचा आणि त्याआधीच्या दोन स्फोटांचा निकाल लागला 2016 साली. विशेष न्यायालयाने 10 जणांना दोषी ठरविले, तिघांना सोडले. 11 जुलै 2006 रोजी पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले. त्या खटल्यातील सर्व 12 आरोपींची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये रद्द केली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. एकोणीस वर्षे! इतक्या वर्षांनंतरही मृतांच्या घरच्यांना 'कोणी केले' याचे उत्तर नाही. तपास कच्चा राहिला तर फसवणूक सर्वांचीच होते.

26 नोव्हेंबर हा संविधान स्वीकारल्याचा दिवस, 1949 चा. त्याच तारखेला 2008 साली दोघा अतिरेक्यांनी बोरीबंदरावर गोळीबार केला. पन्नासहून अधिक माणसे तिथे पडली. उद्घोषक विष्णू झेंडे पळाले नाहीत. माईकवरून सांगत राहिले, बाहेर पडा, मागच्या वाटेने जा. किती जणांचे प्राण त्यांनी वाचविले! आणि जिवंत पकडलेल्या कसाबलाही वकील मिळाला, खटला चालला, मगच 2012 साली फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. याला कोणी दुबळेपणा म्हणोत. आम्ही याला बाबासाहेबांच्या संविधानाचे बळ म्हणतो. बंदुकीला जे जमत नाही, ते हेच : पारखून निवाडा करणे.

शेवटी एक विनंती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरात गर्दी असते. सहा महिन्यांनी कोण जाते? नुकसानभरपाईचे कागद, पोरांची फी, कानाचे पडदे फाटलेल्या माणसाची नोकरी, खरी गरज तेव्हा लागते. विहाराच्या तरुणांनी रोज गाडीने जाणाऱ्यांची व त्यांच्या घरच्यांची फोन-यादी करावी, रक्तगटासह. आणि संकट आले तर एक वही घालावी, कोणाच्या घरी कोण, कोणत्या महिन्यात जाईल याची. त्या वहीत आपल्याच समाजाची घरे असावीत असे नाही. त्या शिंप्याचेही घर असावे.