मुलीच्या नजरेतून दिसणारे घर

आई-वडिलांच्या दुर्लक्षात गेलेल्या बालपणाचे आत्मकथन वाचताना वाचक सोसलेल्या हालांनी इतका हेलावून जातो की, ते हाल ज्या कौशल्याने सांगितलेले असतात त्याकडे त्याचे लक्षच जात नाही. अमेरिकन पत्रकार जनेट वॉल्स यांचे २००५ साली प्रसिद्ध झालेले ‘द ग्लास कॅसल’ हे आत्मकथन या कौशल्यासाठी मुद्दाम वाचावे असे आहे.

आत्मकथनात ‘मी’ दुहेरी असतो: ज्याच्यावर प्रसंग ओढवला तो ‘अनुभवणारा मी’ आणि पुढे अनेक वर्षांनी तो प्रसंग शब्दांत मांडणारा ‘निवेदक मी’. वॉल्स यांनी यातील दुसऱ्याला जवळजवळ गप्प ठेवले आहे. ॲरिझोनातील एका ट्रेलरमध्ये तीन वर्षांची मुलगी खुर्चीवर उभी राहून शेगडीवर सॉसेज उकळत असताना तिचा फ्रॉक पेट घेतो, आई मात्र पलीकडच्या खोलीत असते. पुढे गंभीर भाजलेल्या त्या मुलीला रुग्णालयातला मुक्काम आवडू लागतो, कारण तेथे पोटभर जेवण मिळते आणि च्युइंग गमदेखील मिळते. लेखिका आईवर दोषारोप करत नाही, कारण मुलीला रुग्णालय घरापेक्षा बरे वाटले एवढे सांगितले की घराविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही.

वडिलांच्या चित्रणात हा संयम अधिक कठीण होता. दारूच्या आहारी गेलेला हा बुद्धिमान माणूस नाताळात पैसे नाहीत म्हणून मुलीला आकाशातला शुक्र भेट देतो, आणि ती भेट वाचकालाही खरोखर मोलाची वाटते. काचेचा महाल बांधण्याचे वचनही त्याचेच. वेस्ट व्हर्जिनियातील वेल्च या कोळशाच्या खाणींच्या गावी मुले त्या महालाच्या पायासाठी खड्डा खणतात, पण कचरा उचलून नेण्याचे पैसे परवडत नसल्याने घरचा कचरा त्याच खड्ड्यात पडू लागतो. येथे प्रतीक, म्हणजे मोठा आशय पेलणारी साधी वस्तू, लेखिकेने बाहेरून आणून ठेवलेले नाही. ते घरातल्या अडचणीतूनच निर्माण झाले आहे, आणि म्हणूनच ते अस्सल आहे.

या संयमाला क्षमा समजणे ही मात्र चूक ठरेल. घरात खायला काही नसताना आई पांघरुणाखाली लपून चॉकलेट खाताना सापडते, तो प्रसंग वाचकांनी दोनदा वाचावा: प्रथम उपाशी मुलांच्या बाजूने, आणि नंतर लेखिकेने तेथे काय लिहायचे टाळले आहे हे शोधत.