ग्रीसची क्रूझ : कोणत्या महिन्यात?

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर जानेवारी २०२६ मध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर)



क्रूझचा विषय कट्ट्यावर निघाला त्याला दोन महिने झाले. चौदा नावं आली आहेत. सात रात्री, अथेन्सच्या पिरेउस बंदरातून निघायचं आणि तिथेच परत यायचं, मध्ये ग्रीसची बेटं आणि तुर्कस्तानातलं कुशादासी, एवढं ठरलं. अडलंय ते महिन्यावर. निम्मे म्हणतात मे, कारण नातवंडांना सुट्टी. दोघे-तिघे म्हणतात जुलै, कारण इथल्या पावसातून सुटका. सचिवांनी मला सांगितलं, तुम्ही एकदा जाऊन आलात, त्यात बँकेतले, तेव्हा आकडे मांडा. म्हणून उभा आहे.

मुळात क्रूझ दोन प्रकारची असते. नॉर्वे किंवा अलास्काला जहाजाच्या डेकवर बसून बघायचं असतं, हिमनद्या आणि खाड्या समोरून सरकत जातात. तिथे भर उन्हाळाच चांगला. आपली क्रूझ तशी नाही. आपलं जहाज म्हणजे रात्री चालणारं लॉज. सकाळी डोळे उघडले की नवं बंदर, आणि दिवसभर पायपीट. जहाजात बारा महिने एसी असतो, तेव्हा महिना निवडायचा तो जमिनीसाठी. अ‍ॅक्रोपोलिसचा खडक, एफिससचा संगमरवरी रस्ता, सँटोरिनीच्या पायऱ्या या ठिकाणी तुमच्या डोक्यावर काय असेल, हा खरा प्रश्न आहे.

बँकेत आम्ही ढोबळ नफा वेगळा आणि निव्वळ नफा वेगळा धरत असू. इथेही तसंच आहे. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच मुक्काम. वाचून वाटतं नऊ तास. पण उतरायच्या रांगेत पाऊण तास जातो, बसमध्ये जाऊन-येऊन तास-दीड तास, जेवण, स्वच्छतागृह, आणि सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी जहाजावर हजर राहायचं. हातात उरतात पाच तास. त्यात दुपारचे तीन उन्हाने खाल्ले तर आपण इतका खर्च करून बघितलं काय? बसची खिडकी!

आणि हे तीन तास जुलै-ऑगस्टमध्ये जातातच. अथेन्सला तेव्हा सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंश असतं. विदर्भातली माणसं याला हसतील, पण उष्णतेची लाट आली की ते चाळिसाच्या वर जातं. अ‍ॅक्रोपोलिसवर सावली जवळजवळ नाही आणि लाखो पावलांनी गुळगुळीत झालेला दगड. जुलै २०२३ मध्ये तिथल्या सरकारने अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवलं होतं, जून २०२४ मध्ये पुन्हा तेच केलं. बंद दाराशी आलेल्या माणसाला जहाज थांबून दुसरा दिवस देत नाही. शिवाय सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला वीस हजारच माणसं आत सोडतात, तीही वेळ नेमून. उन्हाळ्यात सकाळच्या वेळा आधी संपतात आणि उशिरा जागे होणाऱ्याला दुपार मिळते.

उन्हापेक्षाही मला वाऱ्याची काळजी आहे. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. जोर जुलै-ऑगस्टमध्ये. आकाश निळंशार, ढगाचा ठिपका नाही, आणि समुद्र खवळलेला. आपल्याला वादळ म्हणजे काळे ढग अशी सवय, म्हणून हे पटत नाही. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँच बंद असते ना, तसंच समजा, फक्त पावसाशिवाय. सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. लहान बोटींनी काठावर जायचं, मग केबल कारने किंवा ५८८ पायऱ्यांनी वर फिरा गावात. (खेचरंही आहेत. त्यांच्याविषयी मी काही बोलत नाही, आमच्या सौभाग्यवतींनी एकदा बघून मान फिरवली होती.) वारा जास्त असला तर कप्तान बोटी सोडत नाही आणि जहाज पुढे निघतं. करारात त्याला तसा पूर्ण अधिकार असतो. बंदराचं शुल्क साधारणपणे परत मिळतं, भाड्यातला काही परत मिळत नाही. सँटोरिनीसाठीच येणाऱ्यांनी हा मुद्दा नीट ऐकावा.

पैशाचंही सांगतो. गेल्या जुलैपासून ग्रीस क्रूझच्या प्रवाशांकडून उतरण्याचं शुल्क घेतं. सँटोरिनी आणि मिकोनोसला जून ते सप्टेंबर माणशी वीस युरो, एप्रिल, मे आणि ऑक्टोबरमध्ये बारा, हिवाळ्यात चार. रक्कम मोठी नाही, पण गर्दी केव्हा नको आहे हे सरकारनेच दरपत्रकात लिहून दिलंय असं मी समजतो.

मग चार युरोंच्या हिवाळ्यात का नको? ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळी साडेपाचलाच अंधार. पाऊस वाढतो. मिकोनोसजवळचं डेलोस बेट हिवाळ्यात बंद असतं. तेव्हा स्वस्त म्हणून जाऊ नये.

मे महिना चांगला आहे, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. दिवस मोठा, सूर्यास्त साडेआठच्या सुमाराला, डोंगर हिरवे. नातवंडं बरोबर येणार असतील तर मेच. पण चौदापैकी नातवंडांसह येणारे दोघेच आहेत. शेंगेन व्हिसासाठी मेच्या प्रवाशांची मुंबईत झुंबड असते आणि आपल्या हातात आता चार महिने आहेत. एफिसससाठी ग्रीसमधून तुर्कस्तानात जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये यायचंय, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागेल. त्यात घाई चालत नाही. शिवाय यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ. ज्यांचे जावई धोंड्याच्या जेवणाला येणार आहेत त्यांनी घरी विचारून मेला हात वर करावा.

माझं मत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. ऊन उतरलेलं असतं, वारा पडलेला, समुद्र उन्हाळाभर तापल्यामुळे कोमट. सूर्यास्त सातच्या पुढे, म्हणजे बंदरातला सगळा वेळ उजेडाचा. धोका अजिबात नाही असं नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळाने ग्रीसच्या थेसली भागात महापूर आणला होता. पण आम्ही २०१८ च्या ऑक्टोबरात गेलो तेव्हा एफिससच्या रस्त्यावर हिने गुडघ्याला पट्टा बांधून वरच्या दारापासून सेल्ससच्या ग्रंथालयापर्यंतचा उतार सावकाश पार केला, आणि खाली पोचल्यावर अर्धा तास एका दगडावर बसून मांजरं बघितली. जुलैत त्या दगडावर बसता आलं नसतं.

आता आपल्या पंचांगाची अडचण. एरवी हा काळ गणपती किंवा नवरात्रात सापडतो. यंदा अधिक मासामुळे सगळं पुढे गेलंय. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ ला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला. मधले दिवस मोकळे, पण तो पितृपक्ष. गेल्या बैठकीत हा आक्षेप दोन भगिनींनी घेतला आणि मला तो हसण्यावारी न्यायचा नाही. माझ्या वडिलांची तिथीही याच दिवसांत येते. मी गुरुजींशी बोललो. तिथीला जमलं नाही तर सर्वपित्रीला श्राद्ध करण्याची वाट आहेच, आणि सर्वपित्री अमावास्या १० ऑक्टोबरला आहे. आपण ६ ला घरी पोचतो. ज्यांच्या मनाला हे तरीही पटणार नाही त्यांनी आग्रहाला बळी पडू नये. त्यांच्यासाठी मेच्या पूर्वार्धाची वेगळी चौकशी मी करून देईन.

आपल्यात चौघांचे गुडघे बदललेले आहेत, एकांना पेसमेकर आहे. काहीजण मुदत ठेव मोडून येणार आहेत. राहिलं ते पुढच्या वेळी बघू, असं म्हणण्याचं आपलं वय नाही. म्हणूनच मी महिन्यासाठी एवढा भांडतोय.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, म्हणजे आपल्याला मार्चअखेरीपासून. पासपोर्टची मुदत परतल्यावर निदान तीन महिने शिल्लक हवी आणि तो दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. आज घरी गेल्यावर आधी तेवढं बघा. नावं आणि पासपोर्टच्या झेरॉक्स रविवारी सकाळी दहा ते बारा ऑफिसात मी स्वतः घेईन, आणि मे की सप्टेंबर ते नावापुढे आपल्या अक्षरात लिहून द्या.