आदर आणि हक्क
(अंबरनाथ पूर्व येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



अंबरनाथ पूर्वेला वालधुनीच्या काठी शके 982 चे, म्हणजे इ. स. 1060 चे शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. तेथून जवळच उल्हासनगर लागते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित वसले आणि 1949 साली त्या वसाहतीला हे नाव मिळाले. धर्मावरून राष्ट्राच्या सीमा आखल्या की माणसांचे काय होते, हे या परिसराला कोणत्याही पाहणीवाचून ठाऊक आहे.

तरीही पाहण्यांचे आकडे कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजेत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने 2019-20 मध्ये भारतातील सुमारे 30 हजार प्रौढांच्या समक्ष मुलाखती घेतल्या. सर्व धर्मांचा आदर हा खऱ्या भारतीयत्वाचा अतिशय महत्त्वाचा भाग आहे, असे 85 टक्के हिंदूंनी सांगितले. त्याच पाहणीत 64 टक्के हिंदूंनी खऱ्या भारतीयत्वासाठी हिंदू असणेही अतिशय महत्त्वाचे मानले. म्हणजे जवळजवळ निम्म्या हिंदूंनी तरी ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी दिली, हे साध्या हिशेबाने निघते. आणि 95 टक्के मुसलमानांनी भारतीय असल्याचा अतिशय अभिमान वाटतो, असे सांगितले.

या दोन उत्तरांना ढोंग म्हणणे सोपे, पण चुकीचे आहे. आदर ही देणाऱ्याची मर्जी असते. समान नागरिकत्व हा प्रत्येकाचा हक्क असतो. पाहुण्याला पाट मांडला म्हणून सातबाऱ्यावर त्याचे नाव लागत नाही. सिंधी भाषेला स्वतःचा प्रांत नसताही 1967 साली आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, ते नागरिकांच्या भाषेचा हक्क म्हणून.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. याच संस्थेने 2024 साली 35 देशांत केलेल्या पाहणीत, श्रीमंत देशांपेक्षा मध्यम उत्पन्नाच्या देशांत धर्म आणि राष्ट्रीयत्व यांची सांगड अधिक घट्ट आढळली. परंतु धर्माची सांगड राष्ट्राला एकसंध ठेवतेच असे नाही. भाषेची अवहेलना आणि आर्थिक अन्याय यांपुढे पाकिस्तानचे दोन भाग एका धर्माने जोडून राहिले नाहीत. 1971 साली बांगलादेश वेगळा झाला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश भारतीयांचे पाकिस्तानविषयीचे मत प्रतिकूल होते. दोन राज्यसंस्थांच्या वैरातून असे मत बनणे समजू शकते; मात्र शेजारी राष्ट्रावरचा राग शेजारच्या चाळीतील नागरिकावर काढला गेला, तर फाळणी 1947 सालीच संपली असे म्हणता येणार नाही.

जनमत म्हणजे पाऊसपाणी नव्हे. ते घडते आणि घडवलेही जाते. पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजी जनमत अनुकूल होण्याची वाट पाहत बसले नाहीत. ते महाराष्ट्रभर हिंडले आणि 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसले. त्यांची मागणी अस्पृश्य मानलेल्यांविषयी आदराची नव्हती, दार उघडण्याची होती. आदर मानणारे बहुसंख्य आज देशात आहेत. त्यांना आदरापासून हक्कापर्यंत नेणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे.